सुट्टीतली सराव पुस्तिका: घ्यायची तर सरलेल्या इयत्तेची

‘दुसरीतून तिसरीत’, ‘तिसरीतून चौथीत’ असं मुखपृष्ठावर छापलेल्या सुट्टीच्या सराव पुस्तिका चाळताना पालकांचा हात हमखास पुढच्या इयत्तेच्या मजकुराकडे जातो. शाळा उघडेपर्यंत मूल चार पावलं पुढे असेल, हा त्यामागचा हिशेब. पण पुस्तिका काही शिकवत नाही. शिकलेलं विसरू न देणं एवढंच तिचं काम, आणि ते ती चांगलं करते. म्हणून निम्म्याहून जास्त पानं सरलेल्या वर्षाची असतील, तीच पुस्तिका घ्यावी.

सुट्टीत नेमकं काय गंजतं? अमेरिकी शिक्षण-संशोधक हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली या विषयावरच्या जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सर्वांत जास्त घसरण आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये दिसली. एकूण घसरण किती, यावर पुढे बरेच वाद झाले. तरी पायऱ्यांनी करायच्या आणि पाठ ठेवायच्या गोष्टी सरावावाचून निसटतात, हे कुठलीही शिक्षिका सांगेल. तेव्हा पुस्तिका पारखायची ती या दोन बाबतींत.

आकडेमोडीत पुस्तिका उपयोगी पडते, पण पान मिश्र असेल तरच. एका पानावर हातच्याच्या बारा बेरजा असतील, तर तिसऱ्या गणितापासून मूल चिन्ह बघायचंच सोडून देतं. बारा उत्तरं बरोबर येतात आणि सराव मात्र होत नाही. त्यापेक्षा दोन बेरजा, दोन वजाबाक्या, एक शाब्दिक उदाहरण आणि एक घड्याळ असं पान चांगलं. त्यात प्रत्येक वेळी ‘इथे काय करायचं’ हे मुलाला ठरवावं लागतं.

वजाबाकीची पानं आधी उघडून बघा. ३०४ − १७८ सारखी, मधे शून्य असलेली उदाहरणं आहेत का? नसतील तर ती पुस्तिका ठेवून द्या, कारण तीन अंकी वजाबाकीत खरी अडचण तिथेच असते. उत्तर १२६. मुलाने २७४ लिहिलं, तर ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. त्याला दशक सुटा करणंच समजलेलं नाही. १३६ लिहिलं, तर शतक सुटं केलंय, पण दहा दशकांतला एक एककाकडे गेला हे विसरलंय. पहिल्या चुकीला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन बसावं लागतं. दुसऱ्या चुकीला शून्यावर आधी १० आणि मग तो खोडून ९ लिहायची सवय पुरते. हा फरक नुसत्या उत्तरसूचीतून कळत नाही. म्हणून मागे पायऱ्यांसह उत्तरं दिलेली आणि ती पानं फाडून वेगळी ठेवता येणारी पुस्तिका मिळाली, तर तीच घ्यावी.

अंकलेखनात आणखी एक जागा तपासा. मराठी माध्यमाच्या मुलांना ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहिण्याची, ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिण्याची चूक खूप दिवस पुरते. छापील पुस्तिकेत संख्या आधीच अंकांत दिलेली असते, त्यामुळे ही चूक उघडच होत नाही. रोज पाच संख्या तोंडी सांगून लिहून घ्या.

शुद्धलेखनात मात्र बहुतेक पुस्तिका कमी पडतात. दोन शब्दांतला बरोबर शब्द निवडा, गाळलेलं अक्षर भरा, असे प्रश्न शब्द ओळखायला लावतात, लिहायला नाही. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ हे शब्द वाचताना न अडखळणारं मूल लिहिताना रफार आणि रकार यांची अदलाबदल करतं. याला श्रुतलेखनाला पर्याय नाही. आठवड्यातून दोनदा आठ-आठ शब्द पुरतात; चुकलेले शब्द तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने घ्यायचे.

वाचनाच्या उताऱ्यांचं फार कौतुक करण्यासारखं नाही. सहा ओळींचा उतारा आणि प्रश्नातलाच शब्द शोधून उतरवायचं उत्तर! रोज दहा मिनिटं गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचून घेणं केव्हाही सरस. एका पानावर पाचाहून जास्त शब्दांवर अडखळत असेल, तर सोपं पुस्तक द्या.

आता वस्तू म्हणून. गुळगुळीत, चकचकीत कागदावर पेन्सिल घसरते आणि खोडल्यावर काळा डाग राहतो. साधा, किंचित खरखरीत कागद बरा. उत्तराच्या ओळींत साधारण एक सेंटिमीटर अंतर हवं. गोंदाने बांधलेली जाड पुस्तिका सपाट उघडत नाही, मधल्या घडीशी लिहिताना मनगट वर उचललं जातं आणि अक्षर बिघडतं. पिना मारलेली किंवा स्पायरलची घ्या. पानोपानी स्टिकर असतील, तर मूल सोपी पानं आधी उरकतं, एवढं लक्षात असू द्या.

पानांचा हिशेब घेण्याआधीच करा. रोज एक पान, आठवड्यातून पाच दिवस धरले, तर साठ पानांना बारा आठवडे लागतात. सुट्टी आठ आठवड्यांची असेल, तर चाळीस पानं खूप झाली. वेळ पंधरा ते वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिल्या आठवड्यात प्रत्येक घटकाचं एकेक पान चाचणीसारखं सोडवून घ्या. जिथे एकही चूक नाही, तो घटक बाजूला ठेवा. सगळी पानं भरलीच पाहिजेत, या हट्टापायी मूल येणारंच पुन्हा करत बसतं आणि न येणाऱ्या पानापाशी पोचेपर्यंत कंटाळतं. चुकलेलं गणित खोडून घेऊ नका, शेजारी वही ठेवून तिच्यात पुन्हा मांडू द्या. मूळ चूक दिसत राहिली, तर पुढच्या वेळी ती कुठे झाली हे दाखवता येतं.

अजून अक्षर अक्षर जुळवून वाचणाऱ्या मुलासाठी ही पुस्तिका घेऊच नये. सूचनाच वाचता येत नसतील, तर सगळा वेळ पालक सूचना समजावण्यात घालवतात. पहिलीत जाणाऱ्यांनाही तिची गरज नाही. कात्री धरणं, डबा उघडणं-लावणं, स्वतःची वस्तू ओळखून दप्तरात भरणं, हा त्यांचा सुट्टीतला अभ्यास.

पुढच्या इयत्तेची जी थोडी पानं शेवटी असतात, ती सुट्टीत कोरीच राहू द्या. वर्गात तो घटक शिकवून झाला की त्याच आठवड्यात ते पान सोडवायला द्या. पहिल्या महिन्याचा गृहपाठाबाहेरचा सराव त्यातच होऊन जातो.