फियाटचे इंजिन, ओले प्लग आणि माझे १,०६,५५० रुपये

गेल्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, मी फियाट ११०० डिलाइटचे एक जुने इंजिन विकत घेतले आणि त्यात माझे एकूण १,०६,५५० रुपये गेले. इंजिनाचे ८८,०००, टेम्पोचे भाडे ५,४००, ते गाडीत बसवण्यासाठी आणलेला गॅस्केटचा संच, क्लच प्लेट आणि पाण्याचे पाइप यांचे ११,३५० आणि शेवटी ते निकामी आहे हे इंजिनांचे बोअरिंग-ग्राइंडिंग करणाऱ्या मशीनवाल्याकडून लेखी घेण्याचे १,८०० रुपये, असा तो हिशेब आहे. हे सगळे लिहिताना मला लाज वाटते आहे; पण जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करणाऱ्या माणसांतच हा विक्रेता अजून वावरतो आहे, म्हणून गप्प राहणे मला शक्य नाही.

मी या कामात नवखा नाही, हे आधी सांगतो. वडिलांनी १९६८ मध्ये नवी घेतलेली ही गाडी गेली बावीस वर्षे मीच सांभाळतो आहे. ब्रेकचे ड्रम आणि सिलिंडर, किंगपिन, डायनामो, सोलेक्सचा कार्ब्युरेटर, स्टिअरिंगखालच्या गिअरचे सगळे दुवे मी एकाहून अधिक वेळा खोलून बसवले आहेत. १०८९ सीसीचे हे साधे, तीन मेन बेअरिंगचे इंजिन मी एकदा पूर्ण उतरवून पुन्हा बांधलेही आहे. ‘तुम्हाला कळायला हवे होते’ असे मला आतापर्यंत अनेकांनी ऐकवले आहे आणि त्यांचे चुकत नाही. मात्र चौदा महिने गाडी एका जागी उभी असताना आणि चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील रोज सकाळी ‘कधी निघायचे?’ असे विचारत असताना माणूस कोणत्या घाईने निर्णय घेतो, हेही विचारात घेतले जावे.

झाले असे की, पाण्याचा पंप बिघडून गाडी तापली आणि दोन दिवसांनी तेल मोजायच्या डिपस्टिकला दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेले, तेल दिसले. हेड उतरवले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीत साधारण चार सेंटिमीटरची चीर आढळली. मी तिची छायाचित्रे जुन्या फियाट बाळगणाऱ्यांच्या एका मोबाइल गटावर टाकली आणि त्याच संध्याकाळी या विक्रेत्याचा मला आपणहून फोन आला. चीर पाण्याच्या जागेपर्यंत गेलेली आहे, स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची पातळ नळी, मारली तरी मागून पाणी झिरपणार, हा ब्लॉक आता भंगारातच द्यावा लागेल, असे त्याने केवळ छायाचित्रे पाहून ठामपणे सांगितले. त्याचे बोलणे जाणकाराचे होते. मापे, भागांची नावे, कोणत्या वर्षी काय बदलले, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. पुढच्याच वाक्यात त्याने आपल्याकडे एक इंजिन असल्याचे सांगितले. ज्याला दुसरे इंजिन विकायचे आहे, त्याच्याच तोंडून मी माझ्या इंजिनाचा निकाल ऐकून घेतला. पहिली चूक ही, आणि बाकीच्या सगळ्या हिच्या पोटातून निघाल्या.

फियाटच्या इंजिनांचा बाजार आज कसा आहे, हे या गाड्या बाळगणाऱ्यांना ठाऊक आहेच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून या घराण्यातली गाडी बाहेर पडणे बंद होऊन वीसहून अधिक वर्षे लोटली आणि याच घराण्यातली मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सींची लाखो किलोमीटर धावलेली, बरीचशी सीएनजीवर चाललेली इंजिने कोठेतरी पडून आहेत आणि रंग मारून ‘घरगुती गाडीचे’ म्हणून विकली जातात. म्हणूनच मी त्याला स्पष्ट विचारले होते की, हे टॅक्सीचे तर नाही ना. एका वृद्ध डॉक्टरांच्या गाडीचे आहे, ४२,००० किलोमीटर चालले आहे, मुलगा परदेशी गेल्यामुळे गाडी मोडीत काढली, असे त्याने सांगितले. त्या गाडीच्या नोंदणीपुस्तकाची प्रत मी मागितली, तेव्हा ती ‘नंतर पाठवतो’ म्हणाला. ती प्रत हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. मी ६ फेब्रुवारीला १०,००० रुपये टोकन पाठवून मोकळा झालो होतो.

रविवारी, ९ फेब्रुवारीला मी त्याच्या शेडवर गेलो. इंजिन लोखंडी स्टँडवर लावलेले होते आणि मी पोहोचलो तेव्हा ते गरम होते. माझ्यासमोर चालवून दाखवता यावे म्हणून सकाळी एकदा सुरू करून पाहिले, असे त्याने सांगितले आणि मला तेव्हा ते सौजन्य वाटले. गरम इंजिन झिजलेल्या पिस्टनचा खडखडाट लपवते आणि थंड असताना येणारा पहिला धूरही त्यामुळे दिसत नाही, हे मी स्वतः इतरांना सांगत आलो आहे. इंजिन पाहायला जाताना हाताचा तळवा आधी ब्लॉकवर ठेवा आणि ते कोमट जरी लागले, तरी चार तास थांबा किंवा परत या.

यानंतरचा प्रसंग मी गेल्या वर्षभरात किती वेळा मनात उलगडून पाहिला असेल, याची गणती नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायचा, असे मी म्हटले, तेव्हा त्याने लगेच होकार दिला आणि ‘आधी चहा घेऊ’ म्हणून मला शेडबाहेर नेले. आम्ही परत आलो, तेव्हा त्याच्या पोऱ्याने चारही प्लग काढून एका फडक्यावर ओळीने मांडून ठेवले होते. चारही प्लगची टोके ओली होती. ती पेट्रोलने ओली नव्हती, कारण मी बोट लावून पाहिले आणि बोटाला जाड, चिकट तेल लागले. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकाभोवतीही तेलाचे बारीक कडे होते. मी विचारले, तर पोऱ्याच्या हाताला तेल होते, असे उत्तर मिळाले. मी ते मान्य केले. गेज लावले आणि आकडे आले १४०, १३५, १४० आणि १४० पीएसआय. इतक्या जुन्या इंजिनात चारही सिलिंडर असे एकसारखे लागले, याचा मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

सिलिंडरमध्ये वरून चमचाभर जाड तेल सोडले की ते पिस्टनच्या रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवते आणि झिजलेल्या बोअरचेही, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचेही, कॉम्प्रेशन चांगले दिसते. दोष रिंगांत आहे की व्हॉल्व्हमध्ये, हे ओळखण्यासाठी आपण हीच चाचणी मुद्दाम ओली करून घेतो. मी ही चाचणी घरच्या गाडीवर कित्येकदा केलेली आहे आणि तीच माझ्या डोळ्यांसमोर माझ्याविरुद्ध वापरली गेली. प्लग स्वतःच्या हाताने काढा, काढल्यावर लगेच मोजा आणि मधल्या वेळात इंजिनापासून हलू नका.

बाकीच्या खुणाही होत्या. संपूर्ण इंजिनाला, बोल्टच्या डोक्यांना आणि गॅस्केटच्या कडांनासुद्धा, नवा हिरवा रंग मारलेला होता. तेलाचा दाब उत्तम दाखवत होता, पण डिपस्टिकवरचे तेल मधासारखे ओघळत होते, म्हणजे दाब चांगला दिसावा म्हणून जाड तेल भरलेले होते. ऑइल चेंबर उतरवून बेअरिंग पाहू का, असे मी विचारले, तर नवे गॅस्केट वाया जाईल म्हणून त्याने नकार दिला. त्या गॅस्केटची किंमत काही शेकड्यांत असते. ते पैसे मी देतो, एवढे एक वाक्य मला सुचले नाही, याचा राग मला आजही स्वतःवर येतो.

उरलेल्या ७८,००० रुपयांपैकी ५०,००० यूपीआयने दिले आणि २८,००० रोख. बिल केले तर जीएसटी लागेल, रोख दिलेत तर दोन हजार कमी करतो, असे तो म्हणाला होता. म्हणजे ९०,००० चा सौदा ८८,००० ला झाला. त्या दोन हजारांसाठी मी बिलावर पाणी सोडले आणि पुढे प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न बिलाचाच विचारला गेला.

इंजिन बसवून मी २३ मार्चला, ते पूर्ण थंड असताना, पहिल्यांदा सुरू केले. तेल मी नेहमीच्या जाडीचे भरले होते. पहिल्या मिनिटातच खालून ठोका ऐकू आला, निळा धूर अंगणभर झाला आणि गरम झाल्यावर इंजिन मंद चालत असताना तेलाच्या दाबाचा दिवा विझेना. कोरडे कॉम्प्रेशन ८५, ६०, ९० आणि ७० भरले. हेड उतरवल्यावर बाकीचे दिसले. पिस्टनवर ०.६० चा ओव्हरसाइज, म्हणजे बोअर आधीच मोठा करून जास्त मापाचा पिस्टन घातल्याची खूण, कोरलेला होता आणि मूळ ६८ मिलिमीटरचा बोअर त्याच्याही पुढे झिजून वरच्या टोकाला ६८.८ पर्यंत गेला होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बुडालेले होते, जे सीएनजीवर वर्षानुवर्षे चाललेल्या जुन्या इंजिनांत आढळते. इनटेक मॅनिफोल्डला गॅसच्या नळीसाठी पाडलेले भोक पुट्टीने बुजवून वर तोच हिरवा रंग दिलेला होता. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, इतक्या वेळा ग्राइंड झालेला होता की, त्यापुढच्या मापाची बेअरिंग मिळणार नाहीत, असे मशीनवाल्याने लिहून दिले.

याहून गंभीर गोष्ट रंग उतरवल्यावर समोर आली. ज्या जागी इंजिन क्रमांक असतो, तेथे आडव्या घासणीचे ओरखडे होते आणि त्यावर नव्याने ठोकलेल्या अंकांची खोली कमीजास्त होती. म्हणजे मूळ क्रमांक पुसलेले इंजिन माझ्या दारात उभे होते. ते चोरीच्या गाडीचे निघाले असते, तर उत्तर मला द्यावे लागले असते. क्रमांकाची जागा चिंधी आणि थिनर घेऊन स्वतः पुसून पाहा. विक्रेता त्याला विरोध करत असेल, तर तेथून निघा.

विक्रेत्याने दोन दिवस फोन उचलला, ‘बसवताना तुमचेच काही चुकले असेल’ असे सुनावले आणि मग माझा क्रमांक ब्लॉक केला. २६ मार्चला मी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकावर फोन केला. पैसे मी स्वतःहून पाठवले आहेत आणि वस्तूही मिळाली आहे, तेव्हा स्थानिक पोलिसांकडे जा, एवढेच उत्तर मिळाले. बँकेनेही तेच लेखी कळवले. पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितले की, व्यवहार दुसऱ्या जिल्ह्यात झाला, तेथे जा. कोणत्याही ठाण्यात हद्दीबाहेरचा गुन्हा नोंदवता येतो, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापून नेले, तेव्हा तो कागद बाजूला ठेवून मला दोन तास बसवले गेले. दुसऱ्यांदा ‘इतक्या जुन्या गाडीवर लाख रुपये घालायची गरजच काय होती?’ असे विचारले गेले. माझी फसवणूक झाली की नाही, याच्याशी माझ्या गाडीच्या वयाचा काय संबंध आहे, हे मला अजून कळलेले नाही. तिसऱ्यांदा माझा अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही, आणि हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे, असा शेरा मारला. खोटे सांगून पैसे काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे. क्रमांक घासलेले इंजिन मी स्वतः दाखवायला तयार होतो. ते पाहायलाही कोणी आले नाही.

परिवहन कार्यालयात वेगळीच तऱ्हा झाली. इंजिन बदलण्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते आणि त्यासाठी बिल व मूळ गाडीची कागदपत्रे हवीत, हे मला मान्य होते. पण घासलेल्या क्रमांकाची माहिती मी आपणहून देत असताना, ती कोणाकडे लेखी द्यायची, हे चार खिडक्यांवर कोणी सांगू शकले नाही, आणि शेवटी ‘इंजिन बसवूच नका, म्हणजे प्रश्न मिटला’ असा सल्ला मिळाला. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार व्हीए मालिकेची नोंदणी घ्यायची, २०,००० रुपये शुल्क भरायचे, असा माझा बेत होता. त्या नियमांना गाडी मूळ स्वरूपातली आणि इंजिनात फेरफार न केलेली हवी असते. हा विचार मी इंजिन घेण्याआधी करायला हवा होता.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, एवढा एक दिलासा आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे ६०,००० रुपयांच्या यूपीआयच्या नोंदी आणि ‘डॉक्टरांच्या गाडीचे, ४२,००० किमी’ हा त्याचा संदेश आहे. २८,००० रुपये रोख दिल्याचा काहीही पुरावा नाही. असे प्रत्येक आश्वासन फोनवर न ऐकता लिहून मागा. माझी तक्रार आज त्या एका संदेशावर उभी आहे. आयोगाचा निकाल लागेपर्यंत ते इंजिन पुरावा म्हणून ताडपत्रीखाली ठेवावे लागणार आहे. दरम्यान दोन महिन्यांपूर्वी एका परिचिताने मला त्याच माणसाची नवी जाहिरात दाखवली. रंग तोच हिरवा, गाडी कोणा डॉक्टरांचीच, आणि किलोमीटरही तेच ४२,०००.

वडिलांचा मूळ ब्लॉक मी भंगारात दिला नव्हता, एवढेच नशीब. तो मशीनवाल्याकडे नेला, तेव्हा त्याने पाण्याच्या जागेत दाब देऊन तासाभरात तपासला आणि चीर केवळ बोअरच्या भिंतीत आहे, स्लीव्हने ती पूर्ण झाकली जाईल, असे सांगितले. चारही सिलिंडरना स्लीव्ह आणि बोअरिंग मिळून १९,२०० रुपये झाले. पुन्हा दाब देऊन पाहिला, थेंबही आला नाही. पिस्टन आणि रिंगा आल्या आहेत. येत्या आठवड्यात मी वडिलांसमोर इंजिन बांधायला घेतो आहे.