परदेशी पोलीस प्रशिक्षण: अमेरिकेची चाळण की ब्रिटनची?

गोव्यातल्या वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतला एखादा फौजदार उद्या परदेशी प्रशिक्षणाला निघाला, तर त्याची पार्श्वभूमी कोण तपासणार? ते यजमान देशावर ठरतं.

अमेरिकेत माजी सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाचा कायदा १९९७ पासून आहे. छळ, न्यायबाह्य हत्या, माणसं गायब करणं यांबद्दल परदेशी पोलीस वा लष्कराच्या एखाद्या तुकडीविरुद्ध विश्वासार्ह माहिती असेल, तर त्या तुकडीला प्रशिक्षणासकट मदत बंद. दोषींवर खरी कारवाई सुरू झाली की दार पुन्हा उघडतं. मला हेच सर्वांत आवडतं, कारण गुन्हा झाकण्यापेक्षा तपासण्यात फायदा दिसतो. मात्र मोठ्या मित्रदेशांच्या बाबतीत ही चाळण सैल पडते, हा आरोप जुना आहे.

ब्रिटनकडे असा कायदा नाही, २०११ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मदतीतून मानवी हक्कांचं उल्लंघन होण्याची जोखीम अधिकारी मोजतात. ती गंभीर असली तरी मंत्र्यांच्या संमतीने काम पुढे जाऊ शकतं. लवचीक खरं, पण पडद्याआडचं. २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या गृह समितीनेच पोलीस महाविद्यालयाच्या परदेशी प्रशिक्षणातल्या अपारदर्शकतेवर कडक टीका केली.

दोन्हींत निवडायचं तर मी अमेरिकन कायदा घेईन, त्याच्या पळवाटांसकट. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. मग पणजीतल्या कोठडीसाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये घालून दिलेले अटकेचे नियम आणि त्याच न्यायालयाच्या २०२० च्या निकालातले पोलीस ठाण्यांमधले सीसीटीव्ही कॅमेरेच उरतात, आणि ते चालू असायला हवेत.