घरच्या सर्व्हरवरून टीव्हीवर चित्रपट: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्वतःच्या मालकीच्या डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे डिस्क रिप करून, म्हणजे त्यांतले चित्रपट संगणकावर फाइल म्हणून उतरवून, त्या फाइली घरातल्या नेटवर्कवरून दोन टीव्ही संचांवर पाहण्याची व्यवस्था मी आठ महिन्यांपूर्वी लावली. एक जुना डेस्कटॉप संगणक, त्याला यूएसबीने जोडलेली हार्ड डिस्क, त्यावर जेलीफिन हा मीडिया सर्व्हर (साठवलेले चित्रपट घरातल्या टीव्हींना पाठवणारा प्रोग्रॅम), बैठकीच्या खोलीतला टीव्ही केबलने आणि आईच्या खोलीतला वायफायने जोडलेला, एवढाच सरंजाम आहे. एम्बी या सर्व्हरचा स्रोतसंकेत बंद झाल्यावर त्याच्या आधीच्या मुक्त आवृत्तीतून डिसेंबर २०१८ मध्ये जेलीफिन वेगळे झाले. बाहेरच्या कोणत्याही खात्यात लॉगिन न करता आणि इंटरनेट बंद असतानाही ते घरात चालते, म्हणून मी ते निवडले आणि त्या निवडीबद्दल आजही समाधानी आहे. पहिल्या दोन महिन्यांत मात्र चित्र इतक्या वेळा अडकले, की ही सगळी खटपट सोडून पुन्हा डिस्कच लावाव्यात असे वाटू लागले होते.

त्या काळात चित्र थांबले की मी थेट राउटरकडे वळत असे. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, त्याची जागा बदलली, आणि शेवटी इंटरनेटची वेगवान योजनाही घेतली. या शेवटच्या उपायाचा काडीचाही उपयोग होणार नव्हता, कारण सर्व्हर आणि टीव्ही दोन्ही घरातच असल्याने फाइल इंटरनेटवरून जातच नाही. तिचा प्रवास सर्व्हरपासून राउटरपर्यंत आणि तिथून टीव्हीपर्यंत, एवढाच असतो. खरी दिशा मिळाली ती आईच्या एका प्रश्नातून. एके रात्री पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागले तेव्हा ती म्हणाली, "अगं, कालही हे इथंच थांबलं होतं. ही बाई छत्री उघडते ना, तिथंच." मी वेळ पाहिली, ४७ वे मिनिट होते. दुसऱ्या दिवशी तीच फाइल पुन्हा लावली आणि छत्री उघडताच चित्र थांबले. बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीवर तोच प्रसंग अडखळला नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. चित्र कोणत्या मिनिटाला थांबले, कोणत्या टीव्हीवर थांबले आणि मागे नेऊन पुन्हा लावल्यावर त्याच जागी थांबले का, या तीन गोष्टी तिच्यात लिहिल्याशिवाय एकही सेटिंग बदलायचे नाही, असे ठरवले. सगळ्या पडद्यांवर एकाच जागी अडत असेल तर फाइलच खराब आहे. ओरखडा पडलेल्या डिस्कवरून रिप करताना असे होते आणि डिस्क पुसून नव्याने रिप करणे हाच त्यावर इलाज. एकाच टीव्हीवर पण ठरावीक जागी अडत असेल, तर त्या जागी फाइल जितका डेटा मागते तितका त्या टीव्हीपर्यंत पोहोचत नाही किंवा त्याला तो पेलत नाही. दर काही सेकंदांनी तालात थांबत असेल तर सर्व्हर दमला आहे. आणि कुठेही, कधीही, काही मेळ न लागता थांबत असेल, तरच नेटवर्ककडे वळावे.

छत्रीचा प्रसंग दुसऱ्या प्रकारातला होता. पाऊस, धूर, लाटा, पानांची सळसळ अशा दृश्यांत प्रत्येक चौकट (फ्रेम) आधीच्या चौकटीपेक्षा बरीच वेगळी असते, त्यामुळे ती साठवायला जास्त डेटा लागतो. त्या फाइलचा सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, २४ मेगाबिट प्रतिसेकंद होता, पण पावसात तो ४० च्या घरात जात होता, आणि आईच्या खोलीत वायफायवर जेमतेम ३० मिळत होते. सरासरीचा आकडा पाहून "एवढे तर सहज जाईल" असे मी गृहीत धरले होते, तिथेच चुकले होते. डीव्हीडीचा एकूण दर फार तर १० मेगाबिट, ब्ल्यू-रेचा ४८ पर्यंत आणि ४के ब्ल्यू-रेचा १२८ पर्यंत जाऊ शकतो. डीव्हीडीची फाइल सुरळीत चालते म्हणून ब्ल्यू-रेचीही चालेल असे नाही. आणखी एक सांगते: बहुतेक टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो आणि त्यातून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही जात नाही. त्यामुळे ४के डिस्कची मूळ फाइल केबल लावूनही अडू शकते आणि चांगल्या ५ गिगाहर्ट्‌झ वायफायवर नीट चालू शकते. माझ्या बैठकीच्या खोलीत हेच घडले आणि ते पटायला मला बरेच दिवस लागले.

आता सर्व्हरविषयी. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू असलेल्या प्रत्येक चित्रपटापुढे, फाइल जशीच्या तशी पाठवली जात आहे की वाटेत तिचे रूपांतर होत आहे हे दिसते, आणि रूपांतर होत असेल तर त्याचे कारणही दिसते. या व्यवस्थेत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. फाइल जशीच्या तशी जात असेल तर सर्व्हरला जवळपास काहीच काम नसते, माझा जुना संगणक अशा दोन फाइली एकदम सहज पाठवतो. एमकेव्ही किंवा एमपी४ हे नुसते डबे आहेत. टीव्हीला फक्त डबा चालत नसेल तर आतला माल दुसऱ्या डब्यात घालून पाठवणे हेही हलके काम आहे. पण चित्रच नव्याने एन्कोड करायची, म्हणजे प्रत्येक चौकट उलगडून पुन्हा दुसऱ्या स्वरूपात बांधायची, वेळ आली की जुन्या प्रोसेसरची दमछाक होते.

ही वेळ माझ्यावर बहुतेकदा आली ती सबटायटलमुळे. ब्ल्यू-रेवरचे सबटायटल हे अक्षरांचे मजकूर नसतात, ती पीजीएस नावाच्या स्वरूपातली चित्रे असतात. अनेक टीव्हींवरच्या ॲपना ती चित्रे स्वतः दाखवता येत नाहीत, त्यामुळे सर्व्हर ती मूळ चित्रात मिसळून सगळाच व्हिडिओ नव्याने तयार करू लागतो. माझा संगणक अशा वेळी सेकंदाला १५-१६ चौकटी तयार करत होता आणि चित्रपटाला लागत होत्या २४. साठलेला भाग संपला की चित्र थांबे, थोडे साठले की पुढे जाई, आणि हे तालात चालू राही. सबटायटल बंद केले की त्याच क्षणी सगळे सुरळीत. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नसते तर आजही राउटरच बदलत बसले असते. उपाय म्हणून मी सबटायटल एडिट या प्रोग्रॅममधून त्या चित्रांवरची अक्षरे ओळखून घेतली आणि एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराच्या सबटायटल, फाइली तयार केल्या. इंग्रजी अक्षरे जवळजवळ बिनचूक येतात. देवनागरीत जोडाक्षरे आणि अनुस्वार हाताने तपासावेच लागतात. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड स्वरूपात जतन करावी, नाहीतर टीव्हीवर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात.

आवाजाची अडचण वेगळी होती. सुरुवातीला मी टीव्हीच्या स्वतःच्या मीडिया प्लेअरमधून फाइली लावत असे, तेव्हा काही चित्रपटांत चित्र उत्तम पण आवाज अजिबात नाही, असे होई. कारण सरळ होते: त्या फाइलींतला ध्वनी डीटीएस स्वरूपातला होता आणि माझ्या टीव्हीला डीटीएस येत नाही. खरेदीच्या वेळी माहितीपत्रकातली ही ओळ मी पाहिली नव्हती; घेण्याआधी ती जरूर पाहावी. सर्व्हरच्या ॲपमधून लावल्यावर केवळ आवाजाचे रूपांतर होते आणि त्याचा भार फारसा नसतो, पण चित्रपट पुढे-मागे नेताना काही सेकंद थांबावे लागते आणि आईला ते आवडत नाही. म्हणून मी एफएफएमपेग हा व्हिडिओ-ध्वनी हाताळणारा प्रोग्रॅम वापरून अशा प्रत्येक फाइलीत एसी-३ या टीव्हीला चालणाऱ्या स्वरूपाचा ६४० किलोबिटचा दुसरा ध्वनिपट्टा घातला, मूळ पट्टा तसाच ठेवला आणि व्हिडिओला हातही लावला नाही. व्हिडिओ नव्याने एन्कोड होत नसल्याने एका फाइलीला काही मिनिटे पुरतात आणि चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. पूर्ण फाइल पुन्हा एन्कोड करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय असावा.

खऱ्याखुऱ्या नेटवर्कच्या तक्रारी माझ्या वहीत चारच निघाल्या, आणि त्यांतली पहिली सापडायला सर्वांत कठीण गेली. दोन्ही टीव्ही एकदम चालू असताना आणि त्याच वेळी लॅपटॉपचा बॅकअप सर्व्हरवर जात असताना दोन्हीकडे चित्र अडे. एकदा सहज कॉपीचा वेग पाहिला, तर तो ११ मेगाबाइट प्रतिसेकंदावर खिळलेला. गिगाबिट (१००० मेगाबिटच्या) जोडणीवर तो शंभरच्या पुढे असायला हवा; एक बाइट म्हणजे आठ बिट. ११ हा आकडा १०० मेगाबिटच्या जोडणीची खूण आहे. घरातल्या केबली एकत्र जोडणाऱ्या स्विचपाशी वाकून पाहिले, तर सर्व्हरच्या पोर्टचा दिवा नारिंगी होता आणि इतर हिरवे. केबल काढून तिचे टोक उजेडात धरले, तेव्हा पारदर्शक कनेक्टरमध्ये आठवी, तपकिरी तार इतरांपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर आखूड राहिलेली दिसली, पितळी पात्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून केबल चालत तर होती, पण दहापट हळू. टोक कापून नवा कनेक्टर बसवला, दिवा हिरवा झाला आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

वायफायच्या दोन तक्रारी आईच्या खोलीतल्या. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्हींना एकच नाव देत होता आणि टीव्ही दर वेळी २.४ ला चिकटत होता. दोन्हींना वेगळी नावे देऊन टीव्हीला ५ गिगाहर्ट्‌झवरच जोडले, तेव्हा छत्रीचा प्रसंगही सुटला. वेग मोजताना मी आधी लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवून आयपर्फ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवत असे, पण लॅपटॉपचा अँटेना टीव्हीपेक्षा चांगला असल्याने आकडा फसवा येई. टीव्हीच्याच ब्राउझरमधून सर्व्हरवरची वेगचाचणी उघडणे अधिक विश्वासाचे. त्यानंतर काही आठवड्यांनी, दहा-पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी, वायफाय अख्खे मिनिटभर गायब होऊ लागले. राउटरच्या नोंदींत पाहिल्यावर कळले, की तो ज्या चॅनेलवर होता त्या पट्ट्यात रडारला प्राधान्य असते. रडारसारखा संकेत जाणवला की राउटरला ते चॅनेल सोडावे लागते, आणि त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या चॅनेलवर गेल्यास प्रसारण सुरू करण्यापूर्वी किमान एक मिनिट ऐकत थांबावे लागते. चॅनेल ३६ वर कायमचे ठेवल्यापासून असे घडलेले नाही.

चौथी तक्रार डीएलएनएची, म्हणजे टीव्हीने घरातला सर्व्हर आपोआप शोधण्याच्या पद्धतीची. सर्व्हर सुरू केल्याबरोबर टीव्हीच्या यादीत दिसे आणि चार-पाच मिनिटांनी नाहीसा होई. ही शोधाशोध २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना उद्देशून असलेल्या) पत्त्यावर चालते, आणि असे संदेश कोणत्या पोर्टवर पाठवायचे हे ठरवणाऱ्या स्विचमधल्या आयजीएमपी स्नूपिंगच्या सेटिंगमुळे तो संवाद काही वेळाने तुटत होता. ते सेटिंग बंद केल्यावर सर्व्हर दिसत राहिला, तरी मी पुढे डीएलएनए सोडूनच दिले. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता राखून ठेवला, टीव्हीवरच्या ॲपमध्ये तो पत्ता ८०९६ या पोर्टसह एकदाच भरला आणि शोधण्याचा प्रश्नच उरला नाही.

हार्ड डिस्क झोपी जाण्याचा त्रास किरकोळ होता. पहिली फाइल लावताना दहा सेकंद लागत, वीजबचतीचे सेटिंग बदलल्यावर ते थांबले.

आता गेल्या तीन महिन्यांत आईने मला एकदाही हाक मारून टीव्हीपाशी बोलावलेले नाही. जिच्या संग्रहात बहुतांश ब्ल्यू-रे आहेत आणि जिची फाइली एकदा नीट करून घेण्याची तयारी आहे, अशा कोणालाही मी ही व्यवस्था मनापासून सुचवीन. ४के एचडीआरच्या (उजेड-अंधाराचा आणि रंगांचा जास्त पल्ला असलेल्या) फाइलींसाठी मात्र असा जुना संगणक पुरणार नाही. त्या जशाच्या तशा गेल्या तरच चालतात, आणि रूपांतर करायची वेळ आली तर चित्र अडते, शिवाय एचडीआरचे रंग नीट उतरवून घेतले नाहीत तर ते फिके पडतात. जुन्या डीव्हीडींचे कामही अजून संपलेले नाही. त्यांतले पुष्कळ चित्रीकरण इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेली आहे, हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, आणि ते फाइलीतच कायमचे डीइंटरलेस करायचे तर व्हिडिओ नव्याने एन्कोड करण्यावाचून गत्यंतर नाही. असे चाळीसेक भाग उरले आहेत, आणि रात्री सर्व्हर मोकळा असतो तेव्हा दोन-दोन करून ते मी उरकत आहे.