टीटी सायकल: तयार घ्यायची की फ्रेमसेटवर बांधायची? सोलापुरात आठ महिन्यांनंतर

टीटी म्हणजे टाइम ट्रायल, घड्याळाशी एकट्याने लावलेली शर्यत. फ्रेम एकच, सायकली दोन. एक कंपनीकडून जोडून आलेली, दुसरी त्याच फ्रेमसेटवर सुटे पार्ट घेऊन बांधलेली. डिसेंबर ते जुलै दोन्ही विजापूर रोड, अक्कलकोट रोड आणि तुळजापूरच्या चढावर चालल्या.

फ्रेमसेट स्वस्त पडतो, हा समज आधी डोक्यातून काढा. खोक्यात फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट आणि बहुधा हेडसेट (हँडल वळवणाऱ्या नळीची बेअरिंगं) असतो. बेसबार (हँडलचा आडवा दांडा), पॅड (कोपर टेकायच्या गाद्या), एक्स्टेन्शन (पुढे हात धरायच्या नळ्या) आहेत की नाहीत हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. बजेट ग्रुपसेटने (गिअर-ब्रेकचा संच) मोडत नाही, किरकोळ सामानाने मोडतं: बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची बेअरिंगं), जास्तीचा हँगर (मागचा गिअर टांगायचा तुकडा), ब्रेक होजच्या जोडाचे ऑलिव्ह आणि इन्सर्ट, पॅडखालचे स्पेसर आणि त्या उंचीला पुरतील असे लांब बोल्ट.

वायरींचा घोळ तर वेगळाच. शिमानोचे 12-स्पीड डीआय2 (विजेवर चालणारे गिअर) पार्ट एसडी300 वायर घेतात, तर आर9180 हे टीटी लिव्हर जुन्या एसडी50 वायरचे. मधे ईडब्ल्यू-एडी305 हा अ‍ॅडॅप्टर लागतो. बोटभर तुकडा, पण तो नसेल तर सायकल स्टँडवरच राहते. स्रॅमच्या वायरलेस गिअरला मागच्या डिरेल्यरपर्यंत (साखळी सरकवणारा भाग) वायर न्यायची नसते, त्यामुळे घरी बांधणाऱ्याला ते सोपं. ब्रेकचं तेल मात्र बघून भरा. शिमानोत मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट हे वेगळं ब्रेक तेल. अदलाबदल झाली की सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

कोणती घ्यायची याचा हिशेब असा: तयार सायकलीतले किती पार्ट पहिल्याच महिन्यात काढून ठेवणार, ते मोजा. सॅडल, क्रँक (पॅडलचा दांडा) आणि एक्स्टेन्शन बदलणं जवळपास ठरलेलंच. तेवढ्यावर भागत असेल तर तयार सायकल घ्या. चाकं आणि पॉवरमीटर (पायांचा जोर मोजणारं यंत्र) आधीच हाताशी असतील, किंवा ग्रुपसेटही बदलायचा असेल, तरच फ्रेमसेट परवडतो. ब्लीड किट (ब्रेकमधली हवा काढायचं सामान), टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आणि होज कापायचं हत्यार घरात नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका. टीटीचं आतलं रूटिंग (फ्रेमच्या आतून वायर-होज नेणं) नेहमीच्या दुकानात क्वचितच येतं, आणि दर वेळी सायकल पुण्याला न्यायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

साइज सीट ट्यूबवरून ठरवू नका, पॅड स्टॅक आणि पॅड रीचवरून ठरवा. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून पॅडच्या वरच्या कडेपर्यंतची उभी उंची. रीच म्हणजे तिथूनच पुढचं आडवं अंतर; ते काही कंपन्या पॅडच्या मध्यापर्यंत मोजतात, काही मागच्या कडेपर्यंत. दोन तक्ते शेजारी ठेवून बघताना इथेच फसगत होते. मधल्या साइजवर सहसा 170 किंवा 172.5 मिमीचा क्रँक येतो. 172.5वरून 165वर गेलात तर सॅडल 7.5 मिमी वर घ्या, मग पॅडही पुन्हा बघा. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) नियमांनी धावायचं असेल तर सॅडलचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या तुलनेत कुठे हवं, ते चालू नियमात बघा. सेटिंग त्यात बसतं का, ते फ्रेम घेण्याआधीच तपासा.

54 दातांच्या चेनरिंगचा (पुढचं दातेरी चाक) हट्ट नको. पुढे 52 आणि मागे 11 दात, 28 मिमीचा टायर आणि मिनिटाला 90 पॅडल फेरे (केडन्स) असले की ताशी 54 किमी होतात. विजापूर रोडला पश्चिमेचा वारा आडवा लागतो, तिथे पुढे 80 मिमी खोल रिमचं चाक म्हणजे हँडलशी कुस्ती. पुढे 50-60 पुरे. मागे डिस्क (आऱ्यांशिवायचं बंद चाक) चालते, फक्त पंपाला वाकडा अ‍ॅडॅप्टर लागतो. बाभळीच्या काट्यांमुळे ट्यूबलेसच बरं. प्रत्येक टायरमध्ये 40 मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, महिना-दीड महिन्याने उघडून बघा. हुकलेस रिम (टायर अडकवायची आतली कड नसलेली) असेल तर 72 पीएसआयच्या वर हवा भरायची नाही.

बिघाड दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेली काळी माती वाळून पीठ झाली, की प्रेसफिट (फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या) बॉटम ब्रॅकेटमध्ये शिरते आणि जोर लावला की कुरकुर सुरू. कप काढून, पुसून, रिटेनिंग कंपाउंड लावून बसवले की आवाज थांबतो. निवड हातात असेल तर बीएसए किंवा टी47 अशा आट्यांच्या शेलचीच फ्रेम बघा. सीटपोस्टचा आतला वेज (पोस्ट धरून ठेवणारी पाचर) खडबडीत रस्त्यावर सरकतो. कार्बन पेस्ट लावा, फ्रेमवर छापलेल्या टॉर्कवरच आवळा आणि पोस्टवर टेपची खूण ठेवा. खूण 2 मिमी जरी बुडाली तरी गुडघा सांगतोच.

सगळ्यात महाग पडतो तो घाम. एरो पोझिशनमध्ये तो कपाळावरून थेट पॅडच्या मधे टपकतो. एप्रिल-मेच्या चाळिशीत रोजचा मारा झाला, की पॅडचे बोल्ट गंजून डोकं सोडतात आणि हेडसेटचं वरचं बेअरिंग हँडल वळवताना खरखरतं. होज हेडसेटमधून जात असतील तर बेअरिंग बदलायला ब्रेक सोडून पुन्हा ब्लीड करावा लागतो, म्हणजे अर्धा दिवस गेला. राइड संपली की ओल्या फडक्याने पुसा, महिन्याला पॅडचे बोल्ट काढून ग्रीस लावा. बांधताना वरच्या बेअरिंगला हात आखडता न घेता ग्रीस भरा. तयार सायकलीत त्या जागी फॅक्टरीने बोटभर पुसल्यासारखं ग्रीस ठेवलं होतं.