आतला फिल्टर काढला आणि इंजिन धूळ खात गेलं

माझी दहाचाकी गाडी आहे. सावदा-रावेरकडची केळी भरायची आणि बऱ्हाणपूर-इंदूरमार्गे दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवायची, हा आमचा धंदा. जानेवारीत तिकडे रात्रभर गाडी उभी राहिली की पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. नुसता पांढरा धूर, गाडी काही उठायची नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबल्यामुळे हवा तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. हवाच बर्फासारखी गार असली तर डिझेल न जळता धूर होऊन बाहेर पडतं. म्हणजे गाडी सुरू करताना इंजिनात जाणारी हवा तापवणाऱ्या हीटरची गरज खरीच होती, आणि तिथेच त्या माणसाने मला पकडलं.

हायवेवरच्या गॅरेजवाल्याने हीटरबरोबर हवेचं काम गळ्यात मारलं. "भाऊ, कंपनीच्या डब्यात इंजिनचा दम कोंडतो. उघडा फिल्टर लावू, लिटरमागे अर्धा किलोमीटर वाढेल." सगळे मिळून 38,500 रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणाला, "घरच्या माणसाला कसली पावती?" मी गप्प बसलो.

त्याने कंपनीचा फिल्टरचा डबा काढला. त्या डब्यात दोन फिल्टर असतात. बाहेरचा धूळ अडवतो. तो फाटला किंवा नीट बसला नाही, तर इंजिन वाचवायला आतला असतो. त्या आतल्यालाच तो "हवा अडवणारा" म्हणाला. जागेवर एकच उघडा फिल्टर आला, तोही इंजिनच्या बाजूला. कंपनीचा पाईप केबिनमागून उंचावरची गार, कमी धुळीची हवा घेतो. हा घेत होता इंजिनची तापलेली हवा. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंशांच्या वर पारा जातो, त्या उन्हात पिकअप वाढणार कसा? उलट इंदूरच्या वाटेवरच्या भेरू घाटात गाडी आधीपेक्षा जास्त दमायला लागली.

मळ्यापर्यंतच्या कच्च्या रस्त्याची धूळ खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. चार महिन्यांत गाडी ऑइल प्यायला लागली. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर यायला लागला. धुळ्याच्या जुन्या मिस्तरींनी फिल्टरमधून इंजिनकडे जाणारा पाईप सोडून आत पांढरं फडकं फिरवलं, ते मातकट होऊन निघालं. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या पंख्याच्या कडा घासून बोथट झाल्या होत्या. लायनर, पिस्टन, रिंगा सगळं गेलं होतं. "काका, हे इंजिन माती खाऊन मेलं," एवढंच ते म्हणाले. खर्च 1,60,000 रुपये, आणि ऐन केळीच्या हंगामात गाडी 19 दिवस उभी.

हीटरची तऱ्हा तर त्याहून वाईट. दोन हजार वॅटचा हीटर 24 व्होल्टवर 80 अँपिअरच्या वर करंट ओढतो. हेडलाइटचा 70 वॅटचा बल्ब तीनही ओढत नाही. त्या हीटरला त्याने हेडलाइटची बारीक वायर जोडली होती. ना रिले (मोठा करंट सांभाळणारा स्विच), ना फ्यूज, डॅशबोर्डवर नुसतं बटण. मिस्तरींनी टेप सोडली तर वायरचं कव्हर वितळून लोखंडाला चिकटलेलं. ड्रायव्हर रात्री त्याच केबिनमध्ये झोपायचा. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. रंग खरवडल्यावर कळलं, हीटरही जुना, कुठल्यातरी गाडीचा उतरवलेला.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर त्याने कानावर हात ठेवले. ग्राहक आयोगात जायचं तर हातात पावती नाही. पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणाऱ्यालाही तिथे दाद मागता येते, हे मला नंतर समजलं.

इंजिनच्या हवेच्या लाईनचं काम कोणाकडून करून घेतलं असेल, तर उद्याच फिल्टरमधून इंजिनकडे जाणारा पाईप सोडा आणि आत पांढरं फडकं फिरवा. धूळ दिसली तर पुढची खेप भरू नका. काढलेला डबा आणि आतला फिल्टर गॅरेजमध्ये सोडू नका, गाडीत टाकून घरी आणा. माझा त्याने भंगारात विकला होता. नवा मिळेपर्यंतच त्या 19 दिवसांतले सहा गेले.