मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर खरे, वेळ अपुरी

आई-बाबा दोघेच थेट विमानाने मुंबईहून न्यूयॉर्कला जाणार असे ठरल्यावर, दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा कालावधी सांगणारी एक विनामूल्य ऑनलाइन सेवा मी आठवडाभर बारकाईने वापरून पाहिली. आईच्या इन्सुलिनच्या वेळा त्या कालावधीवर बसवायच्या असल्यामुळे आकड्यांच्या खरेपणाशी मला थेट कर्तव्य होते.

अंतराच्या बाबतीत ही सेवा पूर्ण विश्वासार्ह आहे. बीओएम आणि जेएफके ही विमानतळांची सांकेतिक अक्षरे भरताच सुमारे 12,500 किलोमीटर हे उत्तर मिळते. पडताळा म्हणून घरातल्या 30 सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर मी दोरा ताणून पाहिला. तो साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरला आणि हिशेब जुळला. सोबतचा नकाशा तर मला फारच आवडला. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून हा मार्ग अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून जात असेल असे वाटते; परंतु बृहद्वृत्ताची, म्हणजे गोलावरील सर्वांत जवळच्या वाटेची, रेषा सिंध, अफगाणिस्तान आणि कझाकस्तान ओलांडून मॉस्को व हेलसिंकीजवळून आइसलंडवर पोहोचते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशेजारून कॅनडात उतरते, हे येथे एका दृष्टिक्षेपात समजते.

कालावधी मात्र गंभीरपणे चुकतो. ही सेवा अंतराला ताशी 900 किलोमीटर वेगाने भागते, त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवते आणि जाता-येता दोन्ही वेळा 14 तास 25 मिनिटेच दाखवते. प्रत्यक्षात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना विमानाला अडवतात आणि परतताना ढकलतात, म्हणून जाताना सुमारे 16 तास लागतात आणि येताना त्याहून कमी. शिवाय ती सुंदर रेषा उड्डाणासाठी मोकळी असेलच असे नाही. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, आणि 2022 मध्ये रशियाने अनेक पाश्चात्त्य कंपन्यांसाठी तेच केले होते; अशा वेळी विमानाला वळसा घ्यावा लागतो आणि त्याचे जादा इंधन व जादा वेळ या हिशेबात कोठेच येत नाही. कालावधीच्या आकड्याशेजारी एवढी सूचना छापणे सेवाचालकांना अवघड नव्हते.

स्थानिक वेळेतील फरक, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, ती अचूक दाखवते.

अंतर आणि मार्ग पाहण्यासाठी मी ही सेवा पुढेही वापरीन. आईच्या इंजेक्शनच्या वेळा मात्र डॉक्टरांनी तिकिटावरील सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा पाहूनच ठरवून दिल्या, आणि विमानाला उशीर झाल्यास कमी पडू नये म्हणून जादा इन्सुलिन आम्ही तिच्या हातातल्या पिशवीत ठेवले.