झेड ब्रिज, रात्री साडेनऊ: ‘माय सेफ्टीपिन’ वापरून पाहिलं

पुण्यात नारायण पेठेतल्या छापखान्यातून मी रात्री साडेनऊला सुटते आणि झेड ब्रिजवरून चालत डेक्कनला येते. गेले दोन महिने याच वाटेवर ‘माय सेफ्टीपिन’ हे अ‍ॅप वापरतेय. कुठली जागा किती सुरक्षित वाटते, ते यात नोंदवायचं असतं. कॉलेजात जाताना आई माझ्या बांगडीत सेफ्टीपिन अडकवून द्यायची, बसमधल्या गर्दीसाठी. अ‍ॅपचं नाव वाचलं आणि तीच आठवली.

कल्पना विश्वनाथ आणि आशिष बसू यांनी हे २०१३ मध्ये सुरू केलं. एखादी जागा किती सुरक्षित आहे ते तिथे उभं राहून तपासायची रीत त्याहून जुनी, १९८९ ची, टोरांटोतल्या बायकांच्या एका संस्थेची. आपण आहोत तिथे थांबायचं, आजूबाजूला बघायचं आणि नऊ गोष्टींना गुण द्यायचे. उजेड, फूटपाथ, वर्दळ, बस-रिक्षा, बायकामुलांचा वावर वगैरे. त्यातल्या दोन प्रश्नांवर मी अडकले. एक विचारतो, तुम्हाला चहूकडचं किती दिसतं? दुसरा विचारतो, तुम्ही कुणाला दिसता का: खिडक्यांतून, दुकानांतून, हातगाडीवरून? पुलाच्या मध्यावर मला नदीपात्र लांबवर दिसतं, पण माझ्याकडे बघणारी एकही खिडकी नाही. तिथे पावलं आपोआप भराभर का पडतात, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

शेवटचा प्रश्न: इथे कसं वाटतं?

पूल उतरल्यावर एक भुर्जीची गाडी लागते. दिवा मिणमिणता, फूटपाथ उखडलेला. तरी या प्रश्नाला मी दरवेळी भरभरून गुण देते. कांदा परतल्याचा वास आणि तव्यावर उलथनं आपटल्याचा आवाज आला की पुलावर आवळून धरलेली पर्स मी खांद्यावर सोडते. एके रात्री गाडी नव्हती. तीच जागा, तीच वेळ, आणि मी ‘अस्वस्थ’ नोंदवलं. वास आणि आवाज यांचा प्रश्न अ‍ॅपमध्ये नाही. तो असायला हवा, अगदी मनापासून वाटतं. तोवर ते मी वहीत लिहिते.

अ‍ॅप फुकट आहे, जरूर घ्या, पण एकटीनं वापरू नका. परवा भाचीला सोबत नेलं. त्याच गाडीपाशी तिनं ‘भीती वाटते’ नोंदवलं. “मावशी, इथे सगळे पुरुषच आहेत गं,” म्हणाली. खरंच, बायकामुलांच्या वावराला मीच तिथे शून्य दिला होता. दोघींच्या नोंदी आम्ही तशाच ठेवल्यात.